गाडीची रिमोट चावी घरीच प्रोग्रॅम करता येते का? आधी हे वाचा

यूट्यूबवर एक व्हिडिओ तुम्ही कधी ना कधी पाहिला असेल. एक माणूस गाडीत बसतो, इग्निशनमध्ये चावी भराभर आठ वेळा चालू-बंद करतो, दरवाज्यांची लॉक खटकन वाजतात, मग तो नव्या रिमोटचं बटण दाबतो आणि म्हणतो, झालं काम, शोरूमचे पैसे वाचले! मित्रमंडळींत मी गॅजेटवाला म्हणून ओळखला जातो, त्यामुळे असा व्हिडिओ मला दर एक-दोन महिन्यांनी कोणीतरी पाठवतं आणि खाली एकच प्रश्न असतो, "आपल्या गाडीत चालेल का रे हे?"

व्हिडिओ खोटा नाही. पण त्यात जे दिसतं ते चावीच्या एकाच भागाचं काम आहे. तो भाग कोणता हे न कळता ऑनलाइन रिमोट मागवलात तर पैसे पाण्यात. म्हणून आधी चावी आतून समजून घेऊया.

एका चावीत किती चाव्या?

साध्या रिमोट चावीत तीन वेगळ्या गोष्टी एकत्र बसवलेल्या असतात. पहिलं म्हणजे धातूचं पातं, जे कुलपात फिरतं. दुसरा रिमोट, म्हणजे बटणं, छोटं सर्किट आणि सेल. बटण दाबलं की हे सर्किट रेडिओ सिग्नल पाठवतं आणि दारं उघडतात. तिसरी गोष्ट बाहेरून दिसत नाही, आणि बटणाशी किंवा सेलशी तिचा काही संबंधही नसतो. ती म्हणजे इमोबिलायझरची इवलीशी चिप. इग्निशनच्या भोकाभोवती तारेचं एक वेटोळं असतं. चावी आत गेली की ते वेटोळं चिपला हवेतूनच थोडी वीज पुरवतं, चिप उत्तर देते, आणि उत्तर बरोबर असेल तरच गाडीचा कॉम्प्युटर इंजिन चालू देतो.

म्हणूनच रिमोटचा सेल पूर्ण संपला तरी गाडी सुरू होते. उलट, नाक्यावरच्या चावीवाल्याकडून नुसतं पातं कापून आणलं तर त्या चावीने दार उघडेल, पण इंजिन चालणार नाही.

पुश बटणाच्या गाड्यांतही हीच युक्ती असते. स्मार्ट चावीचा सेल संपला तर तिच्यातून एक बारीक पातं निघतं, त्याने दार उघडायचं. मग चावी स्टार्ट बटणाला किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी टेकवायची, ब्रेक दाबायचा आणि गाडी सुरू करायची. ही जागा आजच शोधून ठेवा. रात्री साडेअकराला घाटात मॅन्युअल चाळायला मजा येत नाही.

प्रोग्रॅमिंगच्या आधी सेल बघा

"रिमोट चालत नाही, प्रोग्रॅम करायचाय" असं म्हणत जे माझ्याकडे येतात त्यांतल्या बऱ्याच जणांचं काम सेल बदलून होतं. सेलवरचा नंबर नीट वाचा. सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड, सीआर २०२५ म्हणजे तेवढाच रुंद पण २.५ मिलिमीटर जाड. दोन्ही ३ व्होल्टचेच, पण २०३२ च्या जागी २०२५ घातला तर तो आत सैल बसतो आणि रिमोट कधी चालतो, कधी नाही.

आणि हो, टीव्हीचा रिमोट चालतो का हे आपण मोबाईल कॅमेऱ्यासमोर धरून बघतो ना, ती ट्रिक इथे चालत नाही. टीव्हीचा रिमोट इन्फ्रारेड प्रकाश फेकतो, गाडीचा रिमोट रेडिओ लहरी. कॅमेऱ्याला त्या दिसत नाहीत.

सेल नवा असूनही रिमोट चालत नसेल तर कदाचित चावी आणि गाडी यांची मोजणी चुकलीये. रिमोट दर वेळी तोच कोड पाठवत नाही. तसं असतं तर कोणीही तो सिग्नल रेकॉर्ड करून परत वाजवला असता. चावीत एक काउंटर असतो, तो प्रत्येक दाबण्याला पुढे सरकतो आणि दर वेळी नवा कोड तयार होतो. गाडीही आपल्या बाजूने मोजत असते. आता समजा घरी छोट्या भाचीने ती चावी खेळायला घेतली आणि सोफ्यावर बसून शंभर वेळा बटण दाबलं. चावी शंभर पावलं पुढे गेली, गाडी होती तिथेच. थोडा फरक गाडी चालवून घेते. उदाहरणार्थ, मायक्रोचिप कंपनीच्या 'कीलॉक' या प्रसिद्ध पद्धतीत पुढच्या १६ कोडपर्यंत दार लगेच उघडतं. त्याहून पुढे गेलं तर लागोपाठ दोन बरोबर कोड मिळाल्यावरच गाडी जुळवून घेते. म्हणून गाडीजवळ उभं राहून बटण दोन-तीनदा सावकाश दाबा. बऱ्याचदा तेवढ्याने काम होतं, आणि याला प्रोग्रॅमिंग म्हणत नाहीत.

आता तो आठ वेळावाला व्हिडिओ

ही पद्धत अमेरिकेत विकल्या गेलेल्या बऱ्याच जुन्या फोर्ड गाड्यांची आहे आणि ती त्यांच्या मॅन्युअलमध्येच छापलेली आहे. दारं बंद करून चावी १० सेकंदांच्या आत आठ वेळा ऑफवरून ऑनवर न्यायची आणि आठव्यांदा ऑनवरच ठेवायची. लॉक एकदा बंद-चालू झाली की गाडी शिकायला तयार आहे. मग २० सेकंदांत रिमोटचं कुठलंही बटण दाबायचं, लॉक पुन्हा वाजून होकार देतात. मग दुसरा रिमोट, मग तिसरा.

यात दोन गोष्टी व्हिडिओवाले घाईत सांगून टाकतात. एक, इग्निशनमध्ये फिरवायला गाडीची चावी लागते, म्हणजे मालकीचा पुरावा आधीच तुमच्या हातात आहे. दोन, नवीन नोंदणी सुरू झाली की जुने सगळे रिमोट बाद होतात, त्यामुळे घरातले सगळे रिमोट त्याच बैठकीत नोंदवावे लागतात. मला ही दुसरी गोष्ट फार आवडते, कारण हरवलेला रिमोट त्यातून आपोआप निकामी होतो.

पण एवढं सगळं करून शिकवला तो रिमोट. दार उघडेल, इंजिन नाही. इंजिनच्या चिपसाठी याच कंपनीच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत वेगळी पद्धत होती. आधीच नोंदलेल्या दोन चाव्या एकामागून एक इग्निशनमध्ये घालून ऑन करायच्या आणि लगेच तिसरी, नवी चावी घालायची. दोन चाव्या असतील तर तिसरी घरी बनते, एकच उरली असेल तर सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. एक चावी चोराच्याही हाती लागू शकते, दोन्ही एकदम लागणं कठीण, हा त्यामागचा विचार.

हा अडथळा हवाच का? अमेरिकेत २०२२ च्या सुमारास काय झालं ते बघा. किया आणि ह्युंदाईच्या तिथल्या अनेक मॉडेल्समध्ये इमोबिलायझर नव्हता, आणि त्या गाड्या यूएसबी केबलच्या टोकाने चोरता येतात हे टिकटॉकवर पसरलं. चोऱ्या इतक्या वाढल्या की कंपन्यांना सॉफ्टवेअर अपडेट द्यावं लागलं.

आपल्याकडे आणखी एक अडचण. अमेरिकेतले बरेच रिमोट ३१५ मेगाहर्ट्झवर चालतात, आपल्याकडचे सहसा ४३३ वर. तिकडून कोणी नातेवाइकाने हुबेहूब दिसणारा रिमोट आणला, तरी गाडीला तो ऐकूच येणार नाही. म्हणून तुमच्याच मॉडेलचं, तुमच्याच वर्षाचं मॅन्युअल उघडा. कंपनीच्या वेबसाइटवर बऱ्याचदा पीडीएफ मिळतं. रिमोट नोंदवण्याची पद्धत त्यात असेल तर बिनधास्त करा. नसेल तर दुसऱ्या गाडीची ट्रिक आपल्या गाडीवर आजमावू नका.

मग मोबाईलने होईल का?

प्ले स्टोअरवर "कार की रिमोट" नावाची भरपूर ॲप्स आहेत. ती फक्त आवाज काढतात आणि जाहिराती दाखवतात. आपल्या फोनमध्ये ४३३ मेगाहर्ट्झचा ट्रान्समीटरच नसतो. फोनचं एनएफसी १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतं आणि चावीतली चिप सहसा १२५ किलोहर्ट्झच्या आसपास, त्यामुळे फोनने ती वाचताही येत नाही. कंपनीने स्वतः दिलेली डिजिटल चावी ही वेगळी गोष्ट, तिच्यासाठी गाडीतच तशी सोय लागते. ब्लूटूथचा स्वस्त ओबीडी डोंगल एरर कोड वाचायला मस्त आहे, मीही वापरतो. पण बहुतेक गाड्यांत चिप नोंदवायला खास सॉफ्टवेअर आणि त्या गाडीचा सिक्युरिटी कोड लागतो.

सेकंड हँड गाडी घेतलीये?

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गेल्या वर्षी माझ्या मावसभावाने जुनी हॅचबॅक घेतली. विकणाऱ्याने एकच चावी दिली आणि म्हणाला, "दुसरी कुठेतरी हरवली." भाऊ खूश होता, त्याला फक्त स्वस्तात दुसरा रिमोट हवा होता. मी म्हटलं, थांब. ती 'हरवलेली' चावी आजही तुझ्या गाडीचं दार उघडते आणि इंजिन सुरू करते. ती कोणाच्या ड्रॉवरमध्ये आहे, तुला माहितीये का?

सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावला तर बऱ्याच गाड्यांत किती चाव्या नोंदलेल्या आहेत ते दिसतं. त्याच्या गाडीत तीन निघाल्या! त्याने नवी चावी घेतली, आणि हातातल्या दोन सोडून बाकी सगळ्या पुसून टाकायला सांगितल्या. खर्च काही हजारांत गेला, पण गाडी तेव्हा कुठे त्याची झाली. एवढं करूनही जुनं पातं दाराच्या कुलपात फिरतंच, म्हणून गाडीत लॅपटॉप ठेवू नको हेही सांगितलं. पात्यावरून आठवलं, दसऱ्याला नव्या गाडीच्या चावीचा झूम केलेला फोटो स्टेटसला टाकू नका. फोटोवरून चावीचे दाते मोजता येतात हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगोमधल्या संशोधकांनी २००८ मध्येच करून दाखवलंय.

स्वतःची चावी हरवली तरी हाच क्रम. पोलिसांकडे हरवल्याची नोंद करा, महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर ती ऑनलाइन करता येते. तिची प्रत जपून ठेवा आणि विमा कंपनीला कळवा. गाडी चोरीला गेल्यावर क्लेमच्या वेळी विमा कंपन्या सहसा दोन्ही मूळ चाव्या मागतात, आणि एक का नाही याचं कागदी उत्तर तुमच्याकडे हवं. तुमच्या पॉलिसीत चावी बदलण्याचं ॲड-ऑन असेल तर नव्या चावीचा खर्चही त्यातून मिळू शकतो.

सर्व्हिस सेंटरला जाताना आरसी बुक, ओळखपत्र आणि घरातल्या सगळ्या चाव्या सोबत न्या. पुसण्याच्या वेळी जी चावी आईच्या कपाटात राहिली, तीही बाद होईल.