डांबरगोळीचे रसायन आणि शेतकरी

रिसोड तालुक्यात तूर, हरभरा व सोयाबीन ही महत्त्वाची पिके होत. त्यांचे धान्य व बियाणे घरी कोठीत साठवताना भुंगेऱ्यांच्या भीतीने त्यात डांबरगोळ्या टाकण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. त्याचे कारण या गोळीच्या गुणधर्मांतच आहे.

डांबरगोळी बहुधा नॅप्थॅलीन या पदार्थाची असते. तो दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळतो. त्यावरूनच हे नाव पडले. त्याच्या रेणूत कार्बनचे 10 व हायड्रोजनचे 8 अणू असतात. तो सुमारे 80 अंश सेंटिग्रेडला वितळतो. परंतु न वितळताही त्याची वाफ होत राहते. म्हणूनच पेटीतील गोळी दिवसेंदिवस झिजते. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र विरघळतो. त्यामुळे त्याची वाफ धान्यात, विशेषतः तेलयुक्त सोयाबीनमध्ये मुरते व धुऊनही पुरती जात नाही. हा पदार्थ पोटात गेल्यास तांबड्या रक्तपेशी फुटून रक्तक्षय व कावीळ होऊ शकते. तान्ह्या मुलांना हा धोका अधिक असतो.

नॅप्थॅलीनपासून बनणाऱ्या पदार्थांचे गुण मात्र निरनिराळे असतात. नॅफ्थॉलपासून रंग तयार होतात. त्यापासूनच कार्बारिल हे कीटकनाशक बनत असे. भोपाळच्या कारखान्यात 1984 साली वायुगळती झाली, तेथे हेच कीटकनाशक तयार होई. भारतात त्यावर 2018 साली बंदी आली.

नॅप्थील ॲसेटिक आम्ल हे तिसरे अपत्य. ते वनस्पतीतील वाढनियंत्रकाप्रमाणे कार्य करते. कपाशीची पातेगळ व बोंडगळ कमी करण्यासाठी ते फवारतात. बाजारातील साडेचार टक्के द्रावणाच्या 1 मिलिलिटरमध्ये सुमारे 45 मिलिग्रॅम आम्ल असते. म्हणजे 10 लिटर पाण्यात साडेचार मिलिलिटर घातले, तरी दर लिटरमागे केवळ 20 मिलिग्रॅमच पडते. इतक्या अल्प मात्रेत ते काम करते. मात्रा फाजील झाल्यास उलट गळ वाढते. यास्तव बाटलीवरील सूचनेप्रमाणे मापूनच घ्यावे. डांबरगोळी कुटून फवारल्याने हा गुण मुळीच येत नाही.

धान्य कडक उन्हात वाळवून, थंड करून, कोरड्या व घट्ट झाकणाच्या कोठीत भरावे. मुलाने गोळी गिळल्यास दूध, तेल वा तूप पाजू नये. त्यायोगे विष लवकर शोषले जाते. वेष्टन सोबत घेऊन त्वरित रुग्णालय गाठावे.