गलबताचे शीड आणि त्याचे दोर

मराठा आरमारातील गलबताची प्रतिकृती करताना सांगाडा जुळून डोलकाठ्या उभ्या राहिल्या, तरी खरी कसोटी लागते ती दोरकामात. कारण शिडात भरलेला वारा पेलून जहाज पुढे न्यायचे आणि त्याच वेळी डोलकाठी मोडू द्यायची नाही, ही दोन्ही कामे दोरांवर सोपवलेली असतात. कोणता दोर काय ओढून धरतो हे न कळता बांधलेला प्रत्येक धागा नुसती सजावट ठरतो.

अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याच्या वर्णनानुसार गलबत क्वचितच 70 टनांवर जाई. त्याला चाळीस-पन्नास वल्ही आणि दोन डोलकाठ्या असत, त्यांतली मागची अगदी सडपातळ, तर मोठीवर एकच, परंतु फार मोठे त्रिकोणी शीड असे आणि ते चढवले की त्याचे टोक डोलकाठीच्याही बरेच वर जाई. या शेवटच्या तपशिलात कारागिरासाठी पुष्कळ काही दडलेले आहे. ज्या काठीला शीड बांधतात ते परबाण एवढे लांब, की ते एका लाकडातून न काढता दोन-तीन लाकडे एकमेकांवर चढवून, दोराने आवळून करण्याची पद्धत पश्चिम किनाऱ्यावर रूढ होती. प्रतिकृतीत ते एकाच गुळगुळीत काडीचे केले, तर बाकीचे काम कितीही नेटके असो, जाणत्याची नजर तिथेच अडते.

युरोपीय जहाजांच्या तयार संचांवर हात बसलेल्यांकडून होणारी मोठी चूक म्हणजे डोलकाठीच्या दोन्ही बाजूंना शिडीसारखे आडवे दोर विणलेले, कायमचे ताणलेले आधार देणे. त्रिकोणी शिडाच्या या जहाजांत वाऱ्याची बाजू बदलली, की परबाण उभे करून डोलकाठीच्या पुढून दुसऱ्या बाजूला न्यावे लागते. म्हणून बाजूचे आधार कप्पीचे, म्हणजे हवे तेव्हा सोडता-आवळता येणारे असतात. वाऱ्याकडचे ताठ, तर उलट बाजूचे सैल. परबाण वर चढवणारा जाड दोर डोलकाठीच्या माथ्यावरून मागे उतरतो आणि किंचित पुढे कललेल्या डोलकाठीला मागून तोलही देतो. त्यामुळे पहिली गाठ मारण्यापूर्वी वारा कोणत्या बाजूचा, हे ठरवावेच लागते. टेबलावरच्या प्रतिकृतीलाही स्वतःचा वारा असतो, आणि दोन्हीकडचे दोर सारखेच ताणलेले गलबत पाहताना वाईट वाटते ते याच कारणाने.

धाग्याचे मापही तितकेच निर्णायक. 1:48 या प्रमाणात 24 मिलिमीटर जाडीचा दोर अर्धा मिलिमीटर होतो. म्हणून तीन पदर एका दिशेने पिळून, मग ते एकत्र उलट दिशेने वळून, तो दोर घरीच वळलेला बरा. सुती धाग्यावरची अर्धा मिलिमीटरची लव त्या प्रमाणात दोराएवढीच जाड दिसते. ती आचेवरून झपकन फिरवून जाळावी आणि धाग्याला मेण लावावे. संचातला काळा धागा मात्र वापरू नये. तो डांबर लावलेल्या युरोपीय दोरांसाठी असतो, तर कोकणच्या किनाऱ्यावर काथ्याचा तपकिरी दोर वापरत असत.

1751 ते 1803 या काळात ओडिशाचा किनारा नागपूरकर भोसल्यांकडे असला, तरी नागपूर शहर समुद्रापासून दूरच, आणि येथील हवा या कामाची आणखी एक परीक्षा घेते. मे महिन्यात पारा पंचेचाळिसापर्यंत चढतो, हवा कोरडी ठणठणीत होते आणि पिळलेला सुती धागा सैलावतो. त्या दिवसांत तो पुरता ताणून डिंकाने पक्का केला, तर जुलैतल्या दमटपणात धागा फुगून आखडतो आणि मागची सडपातळ डोलकाठी वाकते. उपाय एकच: उन्हाळ्यात दोर थोडे ढिले बांधावेत, कप्प्यांतून येणारी टोके मोकळी ठेवावीत, पावसाळाभर ताण पाहत राहावे आणि सप्टेंबर सरताना मागून नजर टाकून दोन्ही डोलकाठ्या कुठे वाकल्या नाहीत याची खात्री झाल्यावरच शेवटच्या गाठींवर डिंकाचा थेंब सोडावा.