चिप-रचना क्षेत्रातील प्रवेशासाठी आवश्यक कौशल्ये

प्रस्तावना

इलेक्ट्रॉनिक्स शाखेतून पदवी घेणाऱ्या आपल्या समाजातील अनेक विद्यार्थ्यांना चिप-रचनेचे क्षेत्र आवाक्याबाहेरचे वाटते. वास्तविक बंगळूरु व हैदराबाद ही या क्षेत्राची देशातील प्रमुख केंद्रे आहेत. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ मध्येच बंगळूरुला आपले केंद्र सुरू केले. चिप बनविण्याच्या कारखान्यास हजारो कोटी रुपये लागतात. रचनेचे काम मात्र संगणकावर होते. त्यासाठी लागणाऱ्या कौशल्यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कामाचे स्वरूप

चिपने काय करावे हे ठरल्यावर तिचे वर्णन व्हेरिलॉगसारख्या भाषेत लिहितात. त्याची पडताळणी करतात, त्याचे लॉजिक गेटमध्ये रूपांतर करतात आणि गेटच्या जागा व तारांचे मार्ग निश्चित करतात. त्यानंतर आराखडा कारखान्यात जातो.

आवश्यक कौशल्ये

१) अंकीय इलेक्ट्रॉनिक्स : फ्लिप-फ्लॉप, काउंटर व स्टेट मशीन यांची रचना स्वतः कागदावर मांडता आली पाहिजे.

२) व्हेरिलॉग : ही भाषा 'सी'सारखी दिसते, परंतु तिच्यात एकाच वेळी चालणाऱ्या मंडलाचे वर्णन असते. लिहिलेल्या ओळीतून कोणते मंडल तयार होईल, हे ओळखता येणे महत्त्वाचे.

३) वेळेचे गणित : एक गिगाहर्ट्झच्या चिपमध्ये घड्याळाचे एक आवर्तन एक नॅनोसेकंदाचे असते. तेवढ्या अवधीत संकेत पुढील फ्लिप-फ्लॉपपर्यंत पोहोचला नाही, तर उत्तर चुकते.

४) पडताळणी : १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमधील भागाकाराची चूक उघड झाली. एका कोष्टकातील काही नोंदी सुटल्या होत्या, कंपनीला ४७.५ कोटी डॉलरचा भार सोसावा लागला. सर्व शक्यता तपासणे हा यावर उपाय नाही. ३२ बिटांच्या दोन संख्यांची बेरीज करणारे साधे मंडल घेतले, तरी सेकंदाला शंभर कोटी चाचण्या करूनही सर्व जोड्या तपासण्यास सुमारे ५८५ वर्षे लागतील. म्हणून कोणत्या चाचण्या निवडाव्यात, हे ठरविणे हेच खरे कौशल्य होय. यासाठी सिस्टिमव्हेरिलॉग शिकावी. या कामास मनुष्यबळ मोठ्या प्रमाणावर लागते. नवोदितांनी त्याकडे विशेष लक्ष द्यावे.

५) लिनक्स, पायथन व टीसीएल : दैनंदिन कामात यांचा सतत वापर होतो.

सरावाची साधने

महागड्या खासगी वर्गाची फी भरण्यापूर्वी आपली आवड व तयारी तपासून पाहावी. आयकारस व्हेरिलॉग, जीटीकेवेव्ह व योसिस ही साधने मोफत असून साध्या संगणकावर चालतात. एनपीटीईएलची व्याख्याने विनामूल्य ऐकता येतात. २०२० मध्ये गूगल व स्कायवॉटर यांनी १३० नॅनोमीटर निर्मितीप्रक्रियेची माहिती रचनाकारांसाठी खुली केली. त्यामुळे प्रत्यक्ष आराखड्यापर्यंतचा सरावही शक्य झाला आहे.

समारोप

मुलाखतीत पदवीइतकेच केलेल्या कामालाही महत्त्व असते. एखादे यूएआरटी मंडल स्वतः रचून, तपासून, त्यातील प्रत्येक निर्णयाचे कारण सांगू शकणारा विद्यार्थी निश्चितच पुढे राहील. शिक्षणसंस्थांनी लिनक्सचे काही संगणक मुला-मुलींना संध्याकाळीही उपलब्ध करून दिल्यास या कामी मोठे साह्य होईल.