प्रोस्टेटचा कॅन्सर : गावाने सोबत कशी करायची?

जालना रोडवरच्या करमाडमध्ये साठी ओलांडलेली माणसं शुगरबद्दल बोलतात, बीपीबद्दल बोलतात, गुडघ्यांबद्दल तर रोजच बोलतात. पण लघवीची धार बारीक झाली, रात्री तीन-चारदा उठावं लागतं, हे कुणी काढत नाही. ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही असतं. वयाबरोबर प्रोस्टेट ग्रंथी वाढते आणि ती वाढ कॅन्सरची नसते. पण साधी वाढ कोणती आणि कॅन्सर कोणता, हे नुसत्या लक्षणांवरून कळत नाही. त्यासाठी तपासणी लागते, आणि तपासणीला जायचं तर आधी कुणाशी तरी बोलावं लागतं. म्हणून या आजारात डॉक्टरांइतकंच काम गावालाही आहे.

आधी ग्रंथी समजून घेऊ. ती मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीला वेढून असते. आकार साधारण अक्रोडाएवढा. वीर्यातला काही द्रव ती तयार करते. साधी वाढ नळीलगतच्या भागात होते, म्हणून तिचा त्रास लवकर जाणवतो. कॅन्सर मात्र बहुधा बाहेरच्या भागात सुरू होतो आणि सुरुवातीला काहीच दाखवत नाही. काहींना पहिली तक्रार थेट कंबरेच्या किंवा मांडीच्या हाडात होते. तोवर तो हाडांपर्यंत पोचलेला असतो. अशा माणसाच्या पायांतली ताकद अचानक कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

सरकारी मोहिमेत तिशीपुढच्या लोकांची तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तपासणी होते. प्रोस्टेट त्यात नाही. त्याला कारण आहे. हा कॅन्सर अनेकदा इतका हळू वाढतो की आयुष्यभर त्रास देत नाही. सगळ्यांची सरसकट तपासणी केली, तर अशा निरुपद्रवी गाठींवरही ऑपरेशनं होतात. म्हणून गावात शिबिर लावून प्रत्येकाचं रक्त काढणं हा उपाय नव्हे. पन्नाशीनंतर प्रत्येक पुरुषाने हा विषय डॉक्टरांकडे काढावा. वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर झाला असेल, तर पंचेचाळिशीतच काढावा. लघवीची तक्रार असेल, तर वय न पाहता जावं.

डॉक्टर गुदमार्गातून बोटाने ग्रंथी तपासतात आणि पीएसए नावाची रक्ततपासणी सांगतात. रिपोर्टवर बहुधा 4 हा आकडा मर्यादा म्हणून छापलेला असतो. त्यापुढचा आकडा आला म्हणजे कॅन्सर झाला, असं नाही. साधी वाढ, जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, नुकतीच घातलेली नळी यांनीही तो वाढतो. मग तपासणी पुन्हा करतात, गरज वाटली तर एमआरआय काढतात आणि शेवटी बायोप्सी करतात, म्हणजे सुईने ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासतात. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ या भीतीने पुष्कळ जण इथूनच परत फिरतात. ही भीती खोटी आहे, आणि हे शेजाऱ्याने सांगितलं तर अनेकदा लवकर पटतं.

बायोप्सीच्या कागदावर ग्लीसन स्कोअर असतो. 6 म्हणजे संथ, 9-10 म्हणजे आक्रमक. संथ असेल तर ठरावीक काळाने तपासण्या करत नजर ठेवणं हाही उपचारच आहे. ग्रंथीपुरता असेल तर ऑपरेशन किंवा रेडिएशन करतात. पसरला असेल तर पुरुषी हार्मोन बंद करतात. हार्मोन तोडला की हा कॅन्सर मागे हटतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941मध्ये दाखवलं. त्याबद्दल त्यांना 1966मध्ये नोबेल मिळालं. हार्मोन बंद करण्यासाठी महिन्याने किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन घेतात, नाहीतर अंडकोष काढतात. या उपचाराने अंगात गरम वाफा येतात, लैंगिक इच्छा कमी होते, हाडं ठिसूळ होतात, मन उदास होतं. माणूस नेमका इथे गप्प होतो, आणि इथेच त्याला आधीच त्यातून गेलेल्या माणसाची गरज असते.

उपचारासाठी मुंबईच गाठावी लागते, असं नाही. वीसेक किलोमीटरवर संभाजीनगरात घाटी हे सरकारी रुग्णालय आहे आणि 2012पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार सोबत न्यावं. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटावं. पंचाहत्तरीपुढच्या माणसाला एसटीचा प्रवास मोफत आहे, पासष्टीपुढे अर्ध्या तिकिटात.

गावाने लक्ष घातलं तर फरक पडतो, हे आपल्याच राज्यात दिसलं आहे. बार्शीला 1987मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. कर्मचारी गावोगाव फिरून नोंदी घ्यायचे आणि लोकांना लक्षणंही समजावून सांगायचे. पुढे तिथे गर्भाशयमुखाचा कॅन्सर आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात सापडू लागला. प्रोस्टेटचा आजार वेगळा, त्यामुळे तोच निकाल मिळेल असं म्हणता येणार नाही. पण घरोघरी जाऊन बोललं की माणूस दवाखान्याची पायरी लवकर चढतो, एवढं बार्शीने शिकवलं.

करमाडने काय करावं? एक, महिन्यातून एकदा ज्येष्ठांची बैठक घ्यावी. तिथे हा विषय नाव घेऊन निघावा आणि ऐकलेलं तिथेच राहावं. दोन, सोबत जाणाऱ्यांची पाळी लावावी. रेडिएशनला आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे जावं लागतं. एकट्या मुलाला रोजंदारी बुडवून ते झेपत नाही. तीन, प्रत्येक रुग्णाची एक फाइल ठेवावी. केसपेपर, पीएसएचे सगळे आकडे तारखांसह आणि बायोप्सीचा कागद त्यात असावा. पीएसएचा एकटा आकडा थोडंच सांगतो, तो कसा चढतो-उतरतो यावरून डॉक्टरांना पुष्कळ कळतं.

चार, रुग्णाला लघवीसाठी नळी घातली असेल, तर घरच्यांना तिची काळजी शिकवावी. लघवीची पिशवी कायम मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर लटकवायची. एसटीत बसताना ती मांडीवर घ्यायची नाही, नाहीतर लघवी उलटी फिरून संसर्ग होतो. पण पिशवी जमिनीलाही टेकू द्यायची नाही. नळीला पीळ पडला नाही ना, हे पाहायचं. ताप आला किंवा लघवी येणं थांबलं, तर सकाळची वाट न बघता न्यायचं.

पाच, घरातल्या बाईला बैठकीत घ्यावं. रात्री कितीदा उठणं होतं, हे बहुतेक वेळा तिलाच आधी ठाऊक असतं, आणि पुढची सेवाही तीच करते. तिला विचारलं नाही, तर निम्मी माहिती हातातून जाते.

याला ना इमारत लागते ना मोठा निधी. आजारातून गेलेला एक माणूस, एक आशाताई आणि सोबत जायला तयार असलेली चार-पाच पोरं एवढ्यावर सुरुवात होते. पुढच्या बैठकीत ज्याला त्रास आहे त्याने फक्त हात वर करावा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत केसपेपर काढायला कोण जाणार, हे तिथेच ठरवून उठावं.