तुमच्याकडे माणसं नक्की किती? आधी नीट मोजा



"सर, आमचा धंदा छोटा, आम्हाला कसला आलाय लेबर लॉ?" प्रत्येक बॅचमध्ये हे ऐकायला मिळतं. मी उलट एवढंच विचारतो, माणसं किती? आणि गंमत म्हणजे पहिलं उत्तर बहुतेक वेळा कमीच निघतं.

समजा, तुमचं फरसाणचं दुकान आहे. तुम्ही सांगता, आठ जण. तीन काउंटरला, चार भट्टीवर, एक डिलिव्हरीला. बरं, भांड्यांना दोन तास येणाऱ्या मावशी? पगार देताय ना, मग धरा. पुढच्या चौकातल्या शाखेतले चौघं? तेही धरा. शाखेचं लायसन्स वहिनींच्या नावावर आहे म्हणून सुटका होईलच असं नाही. पैसा एक, कारभार एक, माणसं इकडची तिकडे फिरतात, असं दिसलं की दोन्ही मिळून एकच आस्थापना धरली जाऊ शकते. ठेकेदाराकडून आलेला पॅकिंगचा मुलगासुद्धा पीएफसाठी तुमच्याच यादीत येतो. मालक म्हणून स्वतःला तेवढं मोजू नका.

झाले की चौदा!

आता हा आकडा का महत्त्वाचा? किमान वेतनाला आकडा लागतच नाही, एक माणूस ठेवला तरी ते द्यायचंच. दहा झाले की ग्रॅच्युइटी आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ईएसआयसाठीही दहाच. वीसला पीएफ आणि बोनस. "मग दोघांना कमी करतो," असं लगेच डोक्यात आलं ना? पीएफ आणि ग्रॅच्युइटी एकदा लागू झाली की माणसं कमी केली तरी सुटत नाही.

ग्रॅच्युइटीत तर मागच्या बारा महिन्यांतल्या कुठल्याही एका दिवशी दहा माणसं असली तरी पुरे. दिवाळीच्या चकल्यांसाठी आणलेली जादा पोरं आठवली का?

खरा झटका जुना माणूस सोडून जातो तेव्हा बसतो. भट्टीवरचे मामा सात वर्षं आठ महिने टिकले, शेवटचा पगार १८,००० एकरकमी, बेसिक-भत्ता असं काही वेगळं केलेलं नाही. सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे आठ वर्षं. १८,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ८. साधारण ८३,०७७ रुपये, तेही तीस दिवसांत. मामांनी मागितले नाहीत तरी ते त्यांचेच आहेत, हे लक्षात ठेवा. दर महिन्याला मामांच्या नावाने ८६५ रुपये बाजूला पडत असते, तर आज कर्ज काढायची वेळ आली नसती.

पीएफचं दुखणं याहून मोठं. वेळेत नोंदणी केली नाही आणि मागच्या तारखेपासून वसुली निघाली, तर कामगाराचा १२ टक्के हिस्सासुद्धा सहसा मालकाच्याच खिशातून जातो. मागच्या महिन्यांचा हिस्सा आजच्या पगारातून कापून घेता येत नाही. त्यावर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि दंड वेगळा. पोरं स्वतःच "कापू नका, हातात द्या" म्हणाली होती, हा युक्तिवाद तिथे चालत नाही. तसं लिहून घेतलेला कागदही कामाचा नाही.

म्हणून या आठवड्यात अकाउंटंटला फोन करायच्या आधी एक वही घ्या. प्रत्येकाचं नाव, रुजू झाल्याची तारीख, पगार, आणि पगार कोण देतं ते लिहा. अर्धवेळवाले, ठेकेदाराचे, गावाकडून आलेला भाचा, सगळे. पगार रोखीने देत असाल तर बँकेतून सुरू करा. उद्या वाद झाला तर "दिले होते" हे दाखवायला तुमच्याकडे तेवढाच पुरावा असेल. नवीन नियमांनुसार नेमणूकपत्र सगळ्यांना द्यायचंय, आणि माणूस सोडून गेला किंवा काढला तर त्याचा राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत.

वही भरून झाल्यावर आकडा नऊ किंवा एकोणीस आला, तर पुढचा माणूस ठेवायच्या आधीच सल्लागाराला गाठा. नेमणूकपत्रात काय-काय लिहायचं, ते पुढच्या व्हिडिओत बघू.