काड्या भरलेल्या, तरी फाईल उतरेना

‘रेंज तर फुल्ल आहे, पण नेट चालत नाही.’ शाळाशाळांतून हे वाक्य आता रोज ऐकू येते. ऑनलाईन हजेरी भरायची असते, वरिष्ठांकडून आलेला तक्ता उतरवून घ्यायचा असतो, आणि पडद्यावरचे चक्र नुसतेच फिरत राहते. मग कोणी फोनला दोष देते, कोणी सिमकार्ड बदलते. खरे तर ‘रेंज’ आणि ‘नेट’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आधी काड्या पाहू. टॉवरकडून येणाऱ्या रेडिओलहरी आपल्या फोनपर्यंत किती ताकदीने पोचल्या, याचे त्या ढोबळ माप आहेत. किती ताकदीला किती काड्या दाखवायच्या, याचा सर्वांना बांधील असा नियम नाही. ते फोन बनवणारी कंपनी ठरवते. म्हणून एकाच बाकावर ठेवलेल्या दोन फोनांत तीन आणि चार काड्या दिसल्या, तर नवल नाही. नेमके माप ‘डीबीएम’ या एककात असते आणि ते ऋण संख्येत येते. ४जीच्या बाबतीत उणे ८० म्हणजे चांगला संकेत, उणे ११० म्हणजे अगदी क्षीण. दर १० ने आकडा खाली गेला की शक्ती एक दशांश होते. म्हणजे या दोहोंत ३० चा नव्हे, तर १,००० पटींचा फरक आहे! घातांक शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे.

काड्यांशेजारचे अक्षर सांगते ते तंत्रज्ञान, म्हणजे रस्ता कोणत्या प्रतीचा आहे ते. ‘जी’ आणि ‘ई’ ही दुसऱ्या पिढीची अक्षरे, ‘३जी’, ‘एच’ आणि ‘एच+’ ही तिसऱ्या पिढीची. ‘४जी’ किंवा ‘एलटीई’ ही चौथी. भारतात ५जी सेवेला १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरुवात झाली. जिओचे जाळे ४जीपासूनच उभे राहिले, त्याला जुन्या पिढ्या नाहीतच. इतर काही कंपन्यांच्या फोनवर मात्र गाव मागे पडले की ‘ई’ उमटतो.

हिशेब करून पाहू. ५ मेगाबाइटची एक फाईल आहे. वेग मोजतात बिटमध्ये आणि फाईल बाइटमध्ये. ८ बिटांचा १ बाइट, म्हणजे आपल्याला ४० मेगाबिट उतरवायचे आहेत. ‘ई’वर सेकंदाला १०० किलोबिट मिळाले तर ४०० सेकंद, म्हणजे पावणेसात मिनिटे लागतील. ४जीवर सेकंदाला २० मेगाबिट मिळाले तर दोनच सेकंद. पण ‘मिळाले तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत.

वर्गाचेच उदाहरण घेऊ. गुरुजींचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत पोचतो, म्हणजे काड्या पूर्ण आहेत. पण साठ मुलांनी एकाच वेळी हात वर केले, तर प्रत्येकाच्या वाट्याला गुरुजींचा वेळ किती येणार? टॉवरचेही तसेच आहे. त्याची क्षमता ठरावीक असते आणि ती त्या क्षणी जोडलेल्या सर्वांत वाटली जाते. त्यात गोंगाट असेल तर गुरुजींना सावकाश, पुन्हापुन्हा सांगावे लागते. टॉवरही तेच करतो. संकेत स्वच्छ असेल तर ४जीत एका ठोक्याला सहा बिट पाठवता येतात, गढूळ असेल तर दोनच.

नाशिककरांना हे सिंहस्थात समजून घेता येईल. २९ ऑगस्ट २०१५ च्या शाही स्नानासारख्या दिवशी रामकुंडाच्या परिसरात लाखो माणसे असतात. टॉवर समोर दिसतो, काड्या भरलेल्या असतात, आणि तरी वाटा अपुरा पडू शकतो. चुकलेल्या माणसाला शोधताना अशा वेळी फोटो किंवा चित्रफीत पाठवण्याची खटपट करू नये. साधा एसएमएस पाठवावा. तो इतका लहान असतो की गर्दीतूनही निसटण्याची शक्यता जास्त. देवनागरीत लिहिला तर एका संदेशात ७० चिन्हे मावतात, आणि काना-मात्राही त्यात मोजली जाते.

पेठ-सुरगाण्याकडे अडचण उलटी आहे. तिथे गर्दी नाही, डोंगर आहेत. टॉवर आणि गाव यांच्यामध्ये सह्याद्रीची सोंड आली की गाव लहरींच्या सावलीत जाते. कमी वारंवारतेच्या लहरी, उदाहरणार्थ ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या, अडथळ्याला वळसा घालून थोड्या तरी पोचतात. ३,५०० मेगाहर्ट्झच्या लहरींना ते फारसे जमत नाही. वर्गावरचे पत्र्याचे छप्पर तर लहरी बरेचदा परतवूनच लावते.

हे मुलांकडून करून घेता येईल. बहुतेक अँड्रॉइड फोनांत सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ या भागात सिमची स्थिती पाहिली की डीबीएमचा आकडा सापडतो. वर्गाच्या मध्यभागी, खिडकीत, लोखंडी कपाटामागे, व्हरांड्यात आणि मैदानात असे पाच आकडे घ्यावेत. प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटे थांबावे, कारण आकडा लगेच स्थिर होत नाही. मग तीच फाईल त्याच जागांवर सकाळी सात वाजता आणि रात्री नऊ वाजता उतरवून सेकंद मोजावेत. एका जागेचा डीबीएम दोन्ही वेळी जवळपास सारखा आला आणि सेकंद मात्र वाढले, तर तो फरक बहुधा गर्दीचा. आकडाच घसरला असेल तर कपाट, पत्रा किंवा डोंगर शोधायला लागावे.