५० विरुद्ध ४८ : काठावर पास, पण खुर्ची आयुष्यभराची!

आज थेट वॉशिंग्टनला जाऊया. तारीख ६ ऑक्टोबर २०१८. अमेरिकेच्या सिनेटमध्ये सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशपदासाठी ब्रेट कॅव्हानॉ यांच्या नावावर मतदान चालू आहे. एक रिपब्लिकन सिनेटर हजरच नाही, कारण त्या दिवशी त्याच्या मुलीचं लग्न! त्याच पक्षाच्या लिसा मर्कोव्स्की यांचा कॅव्हानॉंना विरोध होता. पण सहकाऱ्याच्या गैरहजेरीचा निकालावर परिणाम नको, म्हणून त्यांनी विरोधात मत न देता फक्त ‘हजर’ अशी नोंद केली. निकाल लागला, ५० विरुद्ध ४८.

मुळात ही पद्धत काय आहे? राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात. सिनेटची समिती उमेदवाराला सगळ्यांसमोर प्रश्न विचारते. मग १०० सिनेटर मत देतात. नाव पास झालं की नेमणूक तहहयात, निवृत्तीचं वयच नाही. दोन मतांनी पास झालात काय आणि नव्वद मतांनी काय, कोर्टात वजन सारखंच.

याचा परिणाम बघा. गर्भपाताचा घटनात्मक हक्क तिथे १९७३ च्या निकालाने मिळाला होता. २०२२ मध्ये तो निकाल रद्द झाला. रद्द करण्याच्या बाजूने ५ न्यायाधीश होते. त्यातले क्लॅरेन्स थॉमस १९९१ मध्ये ५२-४८ ने आले होते, कॅव्हानॉ ५०-४८ ने आणि एमी कोनी बॅरेट २०२० मध्ये ५२-४८ ने. म्हणजे सिनेटमधली दोन-चार मतं, आणि कोट्यवधी बायकांच्या आयुष्याचा प्रश्न.

पूर्वीही असंच होतं का? नाही. १९८६ मध्ये अँटोनिन स्कॅलिया ९८-० ने पास झाले, १९९३ मध्ये रूथ बेडर गिन्सबर्ग ९६-३ ने. तेव्हा विरोधकांनी चर्चा अडवून धरली, तर ती थांबवायला ६० मतं लागायची. २०१३ मध्ये डेमोक्रॅट्सनी खालच्या कोर्टांसाठी ही अट काढली. २०१७ मध्ये रिपब्लिकनांनी सुप्रीम कोर्टासाठीही काढली. आता साधं बहुमत पुरतं. मग समोरच्या पक्षाला पटेल असं नाव शोधायची गरजच काय?

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. कमी मतं म्हणजे वाईट न्यायाधीश, असं गणित नाही. १८८१ मध्ये स्टॅन्ली मॅथ्यूज फक्त एका मताने, २४-२३ ने पास झाले. रेल्वे कंपन्यांचे माणूस म्हणून त्यांना विरोध होता. त्याच मॅथ्यूजनी १८८६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी लाँड्रीवाल्यांच्या बाजूने निकाल लिहिला. कायदा कागदावर सारखा असला तरी तो भेदभावाने वापरता येणार नाही, असं त्यात म्हटलं.

आणि आपल्याकडे? संसद न्यायाधीशांच्या नावावर मतदान करतच नाही. १९४९ मध्ये संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेच्या याच पद्धतीचा उल्लेख केला होता. त्यात राजकीय दबाव येऊ शकतो, हा त्यांचा आक्षेप होता. आज आपल्याकडे कॉलेजियम, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशच, नावं सुचवतात. पण ती चर्चा बंद दाराआड होते.

तिकडे सगळं उघड्यावर, पण पक्षाच्या हिशोबाने. इकडे मतांची ओढाताण नाही, पण आपल्याला दिसतही नाही. तुम्हाला यातलं काय जास्त खटकतं? कळवा नक्की. भेटूया पुढच्या भागात!